मोळीच्या जोड्या

गुरुजी : न्हाई म्हणलं ना, साखरे. तुझ्या पोरींना शिकवायला मी कोण? आधी च्या घे, गार व्हायलाय.

साखरा : भाषण करा कुठं म्हणतेय मी? अंबाजोगाईहून दीड तास गाडी चालवत आले ती एकच गोष्ट विचारायला. तेवढी सांगा, मग मी जाते.

गुरुजी : तू राज्याच्या टीमची कोच. पेपरात फोटू येतो तुझा. मी बंद पडलेल्या साखर कारखान्याचा टाइमकीपर, पोरींना खोखो शिकवीत हुतो ते बी हौसेनं. मला काय इचारतीस?

साखरा : फोटोखाली काय लिहिलं होतं ते वाचलंत का?

गुरुजी : वाचलं की. तू म्हणं पोरींना इचारून खेळवतीस. कुणी कवा पळायचं, काय सराव करायचा, समदं त्यांनाच इचारती. वाचलं आन् हासलो. कोच इचारतो व्हय कवा? कोच सांगतो.

साखरा : तुम्हीच विचारलं होतं, गुरुजी. एकदा.

गुरुजी : मी? कवा?

साखरा : सत्त्याऐंशी साली. फायनलला.

गुरुजी : ... ते नगं काढू, साखरे.

साखरा : का नको? मला तर ते अख्खं वर्ष आठवतं. आपलं मैदान चारा छावणीला दिलं होतं. दोन्ही खांबांना म्हशी बांधलेल्या.

गुरुजी : बबनरावाची मुऱ्हा! उत्तरंच्या खांबाला. सोडू द्यायचा न्हाई गडी. म्हणायचा, गुरुजी, खेळ काय पळून जातो का, म्हैस जाईल.

साखरा : आणि आम्ही जनावरांच्या रांगांमधून पळायचो. शेणावरून घसरलं की तुम्ही म्हणायचे, बरं झालं, तोल शिकली.

गुरुजी : लई पळायच्या तुमी पोरी. टँकर यायचा दोन दिसाला. घागर भरून ठिवायच्या आन् मग मैदानावर. मला वाटायचं, पाणी पाजायचं का पळवायचं ह्यांना? आमचा रामहरी शिपाई त्याच्या घरचा माठ आणून ठिवायचा. त्याची बायको भांडायची त्याला.

साखरा : तेव्हा तुम्ही फार ओरडायचे हो. शिट्टीशिवाय आम्ही श्वास घेतला नसेल. सुंदरा तर झोपेत पण उजवीकडं वळायची.

गुरुजी : सुंदरा... हाय का गं ती?

साखरा : आहे. तेलगावला. नातू झालाय. अजून बोलत नाही फारशी.

गुरुजी : बोलली की. एकदाच बोलली आन् मला बुडवून गेली.

साखरा : असं वाटतं तुम्हाला?

गुरुजी : वाटतं म्हंजे? तीस वर्सं झाली, तेच धरून बसलोय. मधल्या सुट्टीत आपण सहा गुणांनी मागं. माझं डोस्कं चालंना. शिट्टी वाजवून वाजवून तोंड फुटलेलं. मी आपला खाली मातीत बसलो आन् म्हणलं, पोरीहो, आता काय करायचं? इचारायला नगं हुतं. कारखान्याचे चेअरमन समोर खुर्चीवर. त्यांनी बघितलं.

साखरा : आम्ही किती वेळ गप्प होतो, आठवतं?

गुरुजी : लई येळ. मला वाटलं, रुसल्या.

साखरा : रुसलो नव्हतो. घाबरलो होतो. आम्हाला तोवर कुणी विचारलंच नव्हतं काही. घरी बाप सांगायचा, उसाच्या फडात मुकादम सांगायचा. कोण कुठल्या ट्रकात बसणार, कुठल्या कारखान्याला जाणार, कोणाचं लग्न कधी. तुम्ही विचारलं तर आम्हाला वाटलं, गुरुजींना ऊन लागलं.

गुरुजी : मग ती सुंदरा म्हणली, पळायला तिघीतिघींच्या तुकड्या उंचीनं नगा लावू.

साखरा : "मोळीच्या जोड्या लावा." एवढंच.

गुरुजी : मला कळंच ना. मोळीचा आन् खोखोचा काय संबंध?

साखरा : फडात एक उसाची मोळी उचलून देते, दुसरी डोक्यावर घेते. चार महिने त्याच दोघी. ट्रकाच्या फळीवर चढताना बघावं पण लागत नाही, कुठं पाय पडणार ते दुसरीला माहीत असतं. भिवराची आणि माझी जोडी होती. तुम्ही मात्र मला पहिल्या तुकडीत टाकायचे, तिला तिसऱ्या.

गुरुजी : ती बुटकी हुती म्हणून.

साखरा : त्या डावात आम्ही दोघी आणि सुंदरा पाच मिनिटं पळालो. पाच मिनिटं, गुरुजी. कोल्हापूरच्या पोरी धापा टाकत होत्या.

गुरुजी : पण हरलोच ना. एका गुणानं. चेअरमन काय म्हणले ठाव हाय? "पोरींना इचारून टीम चालवता व्हय, धोंडीराम?" आन् पुढच्या महिन्यात टीम मोडली. तुझ्यासारखी एखादी सोडली तर समद्या पोरींची लग्नं झाली. मी तिथंच शिट्टी ठिवली. माझ्या एका सवालानं तुमचं वाटुळं झालं.

साखरा : गुरुजी, इकडं बघा. त्या साली ऊसच नव्हता. कारखान्याची चिमणी पेटली नाही. कामगारांना घरी बसवलं, तिथं खोखोची टीम कोण ठेवणार? कप आणला असता तरी मोडली असती.

गुरुजी : खरं म्हणतीस?

साखरा : खरं. आणि मी जी काही झाले ना, ती त्या पाच मिनिटांनी. कुणीतरी विचारलं, आम्ही सांगितलं, आणि त्या माणसानं तसंच केलं. हरलो त्या रात्री ट्रकात आम्ही परळीपर्यंत गाणी म्हणत आलो. तुम्ही पुढं केबिनमध्ये बसून रडत होता, आम्हाला वाटलं थकलेत.

गुरुजी : मला ऐकू येत हुती गाणी. मला वाटलं, ह्यांना हरल्याचं बी काय न्हाई.

साखरा : लई आनंद झाल्ता आमाला, गुरुजी.

गुरुजी : ... आता कशी आपल्या बोलीत आलीस. बरं, काय इचारायचं तुला?

साखरा : गाडीत एक पोरगी बसलीय. रतन. वडवणीची. आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात. तिच्याइतकी चपळ पोरगी मी वीस वर्षांत पाहिली नाही. तिचा गुडघा दुखतोय, पण ती कबूल करत नाही. राष्ट्रीय स्पर्धेची यादी आज पाचला पाठवायचीय. मी रोज तिला विचारते. आत येतेस का विचारलं, तरी म्हणाली, तुमी म्हणाल तसं, मॅडम. त्या दिवशी सुंदराला तुम्ही कसं बोलतं केलं, ते सांगा.

गुरुजी : मी कुठं बोलतं केलं? मला काय सुचतच नव्हतं, म्हणून गप बसलो.

साखरा : तेवढंच?

गुरुजी : तेवढंच. यादी लिहिली का तू?

साखरा : लिहिलीय. पर्समध्ये आहे.

गुरुजी : तिचं नाव हाय?

साखरा : ... नाही. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे विश्रांती. तिच्या भल्यासाठीच काढलंय. फक्त तिनं स्वतःहून म्हणावं असं वाटतं.

गुरुजी : मग कावून इचारतीस तिला? तुझं ठरलंय की. पोरींना कळतं ते, साखरे. मुकादम बी इचारायचा की तुझ्या बापाला, "येतो ना बे यंदा?" म्हणून. कोण न्हाई म्हणायचं? मला त्या दिवशी खरंच ठाव नव्हतं, म्हणून ती सुंदरा बोलली. ... ए पोरी! रतन! आत ये, उन्हात कावून बसलीस? पाणी पी. माठातलं घे.

रतन : नमस्कार, गुरुजी.

साखरा : रतन, मी तुझं नाव यादीतून काढलंय. दोन दिवस झाले. आणि तरी तुला विचारत राहिले, ते माझं चुकलं. ते बरोबर आहे का, मला आता खरंच कळत नाही. तू सांग.

रतन : तुमी म्हणाल तसं, मॅडम.

(बराच वेळ कुणी बोलत नाही. बाहेर टँकरचा हॉर्न वाजतो, बायकांची धावपळ ऐकू येते. तिघंही जागचे हलत नाहीत.)

रतन : पळताना न्हाई दुखत. पाठलागाला पाटीवर बसल्यावर, खो मिळाला की उठताना दुखतंय. दिवाळीपास्नं. पळतीत काईच न्हाई होत. काल खांबापाशी चार मिंटं पळाले, तुमी जेवायला गेलत्या तवा.

साखरा : मग इतके दिवस बोलली का नाहीस गं? रोज तर विचारत होते मी.

रतन : तवा तुमच्या हातात पेन असायचा.

साखरा : बरं. बस... नको, उभीच राहा. तुला कुठं खेळायचंय?

रतन : पहिल्या तुकडीत. फकस्त पळायला. बसायला दुसरी घ्या, बदली चालती. डॉक्टरला बी इचारू, पण मी सोबत येणार, मी सांगणार.

साखरा : थांब, यादी काढते.

रतन : आत्ताच लिहू नका, मॅडम. अजून सांगायचंय.