फेसावर तेलाचा थेंब

आमच्या धुळ्याच्या हेमंताने घरी बिअर केली, ते ऐकलंय का तुम्ही? चव बरी जमायची, पण ग्लासात ओतली की फेस क्षणात गायब. मग पठ्ठ्याने बार्लीत गहू मिसळला, ग्लास घासून घासून तुपाचा अंशही काढला. फेस टिकायला लागला तसं आम्हाला जळगावहून मुद्दाम बोलावलं. त्याच्या आईला, म्हणजे अक्काला, त्याने सांगून ठेवलेलं की हे मूतखड्यावरचं बार्लीचं पाणी आहे.

स्वयंपाकघरात ग्लास भरून तो आम्हाला बोलवायला बाहेर आला. आम्ही फोटोसाठी मोबाइल काढून आत जातो, तर ग्लास कोऱ्या चहासारखे सपाट!

"अक्का, फेस कथा गया?" ग्लासांकडे बघत हेमंता ओरडला.

"उतू जाई ऱ्हायनं व्हतं," अक्का म्हणाली. "उकळती डाळमा टाकतस तसा तेलना थेंब टाकी दिना मी. बसना फेस."

हेमंताने कपाळावर हात मारला. "वं माय, त्या फेससाठेच तं मरी ऱ्हायनू मी!"

अक्काने तेलाची बरणी शांतपणे फळीवर ठेवली.

"फेस दारूले लागस रे भाऊ, औषधले नही. पी आते."