थोरलीवरचे अकरा पाहुणे

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळाचे ज्येष्ठ सदस्य, वृक्षशास्त्र विभागाच्या प्रमुख बाई, समोर बसलेले माळी, पहारेकरी, कार्यालयातले सहकारी आणि त्यांची मुलंबाळं, आणि जिथे बसवलं तिथे अवघडून बसलेल्या, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या मावशी!

मला पाच मिनिटं दिली आहेत. तिसऱ्या रांगेत आमच्या सौभाग्यवती आहेत. भाषण लांबलं की त्या घड्याळाकडे बघतात. त्यांनी आत्ताच एकदा बघितलं, म्हणजे घरूनच तयारीने आल्या आहेत.

मावशींनी या उद्यानात एकतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक रोपवाटिकेत. रोपांशी गोड बोलावं असं पुस्तकात लिहितात. मावशी रोपांना रागवायच्या. "काल पाणी दिलंय, आज तोंड कशाला पाडलंयस?" आणि खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी ते रोप ताठ उभं असायचं. मी अधीक्षक म्हणून इथे आलो त्या दिवशी मलाही साधारण याच आवाजात विचारलं होतं, "साहेब, बूट वाफ्यात का घातलेत?" मीही ताठ झालो.

आता पाहुण्यांना थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आपल्या टेकाडावर तीन झाडं आहेत. सगळे त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणतात. या जातीची आणखी झाडं कुठे असल्याचं अजून तरी कोणाच्या ऐकिवात नाही. पाच-सहा वर्षांतून एकदा एखादीला फळ धरतं. आणि इतक्या वर्षांत या तिघींच्या खाली एकही नवं रोप उगवलेलं नव्हतं. का? तर उंदीर! आपल्या गावचे साधे उंदीर नव्हेत. फार पूर्वी जहाजातल्या लाकडी खोक्यांतून आलेले, काळे, लांब शेपटीचे, झाडावर सरसर चढणारे. आले पाहुणे म्हणून आणि घरमालक होऊन बसले. फळ पिकायच्या आत ते वर जायचे, बी खायचे आणि सालं आपल्या डोक्यावर टाकायचे.

उपाय केले नाहीत असं नाही. पहिला उपाय दोन मांजरांचा. त्यांनी तीन महिन्यांत एक उंदीर पकडला आणि तोही कार्यालयात, माझ्या टेबलाखाली. पुढे ती दोघं माझ्या खुर्चीवरच झोपू लागली. त्या काळात मी बरीच कामं उभ्याने केली. (हसू नका, त्यातलं एक आत्ता अध्यक्षांच्या खुर्चीखाली आहे.)

मग थोरलीला फळ धरलं. चांगली भरगच्च फळं धरली होती. मी ठरवलं, आता बास. खोडाभोवती गुळगुळीत पत्र्याचा पट्टा ठोकायचा आणि शेजारच्या झाडांना टेकणाऱ्या फांद्या छाटायच्या. उंदीर चढेल कुठून? कल्पना उत्तम होती, आजही आहे. अडचण एवढीच, की मी उद्घाटनाची तारीख आधी ठरवली. आपल्या संस्थेत काम तारखेमागून चालतं, हे मी नव्याने सांगायला नको. पाहुणे ठरले, फीत आली, मंडपवाला आला.

आदल्या दिवशी मावशी कार्यालयात आल्या. म्हणाल्या, "साहेब, वर कोण आहे ते बघितलंत का?"

मी म्हटलं, "वर कोण असणार?"

"मला खुडबुड ऐकू येते. आधी ते खाली उतरू द्या, मग पत्रा ठोका. आठ दिवस थांबा."

मी म्हटलं, "मावशी, पत्रिका छापून झाल्या."

त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी फीत कापली, टाळ्या झाल्या. मीही बोललो. फार छान बोललो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

चौथ्या दिवशी वरून सालं पडू लागली. आठव्या दिवशी सडाच पडला. दुर्बिणीतून पाहिलं तर फांद्याफांद्यांवर कुटुंबं नांदत होती! खाली उतरायची वाट मीच बंद केलेली. शेजारी जायच्या फांद्या मीच छाटलेल्या. वर सावली, रसाळ फळं आणि मांजराची भीती नाही. सासरी गेलेल्या लेकीची घेतली नसेल एवढी काळजी मी त्या उंदरांची घेतली होती. चोराला आत घेऊन बाहेरून कडी घालणं ते यालाच म्हणतात.

पत्रा काढायचा तर मंडळाची मंजुरी हवी. मंडळाची बैठक तीन आठवड्यांनी. (ज्येष्ठ सदस्य मान हलवताहेत. आभारी आहे.)

मावशींनी मंजुरीची वाट पाहिली नाही. एक लांब बांबू घेतला, थोरलीच्या खालच्या फांदीवर टेकवला आणि त्याचं दुसरं टोक मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. पिंजऱ्यात काय ठेवलं असेल? मी म्हटलं, गूळ ठेवा. तर म्हणाल्या, "साहेब, पंधरा दिवस गोडच खातायत ते. तुम्हाला काय खावंसं वाटलं असतं?" त्यांनी खारवलेला सुका मासा ठेवला. दोन दिवसांत अकरा उंदीर त्या बांबूवरून एकामागून एक खाली आले, लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखे. आमचे लेखनिक मोजत होते. पाचव्यानंतर ते टाळ्याच वाजवू लागले.

थोरलीवर तेव्हा एकोणीस बिया शिल्लक होत्या. हजारभर फळांतल्या एकोणीस.

चौकशी झाली. 'खोडाला पत्रा बसवण्यापूर्वी झाडाची पाहणी का झाली नाही?' उत्तर मी लिहिलं. त्यात 'रोपवाटिकेच्या पातळीवरील हलगर्जी' असे शब्द होते. शब्द चांगले निवडले होते मी. मावशींच्या सेवापुस्तकात नोंद झाली आणि त्यांना रोपवाटिकेतून काढून फाटकावर सायकलींचे बिल्ले द्यायला बसवलं. एकतीसपैकी शेवटची तीन वर्षं त्या तिथे होत्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं. रोपांना रागवायच्या, मला नाही.

आणि त्या एकोणीस बिया? त्यांतल्या चार उगवल्या. आज सकाळी पाहुण्यांनी टाळ्या वाजवून बघितली ती हीच चार रोपं. फलकावर माझं नाव आहे. पण ड्युटी सुरू व्हायच्या तासभर आधी रोज जाळी तपासायला, कुंड्यांचं पाणी बघायला, उलट्या बादलीवर बसून त्यांना बोल लावायला कोण येत होतं, हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मी खिडकीतून बघायचो आणि पडदा ओढून घ्यायचो. मला लाज वाटायची. लाज वाटूनही मी तीन वर्षं काही केलं नाही, हेही आज सांगायला हवं.

अध्यक्षमहाराज, आपल्यापुढे एक कागद ठेवला आहे. त्यावर कृपया पाण्याचा पेला ठेवू नये. झाड न तपासता पत्रा ठोकण्याचा निर्णय माझा होता, आणि मावशींनी मला आदल्या दिवशी बजावलं होतं, असं मी त्यात लिहून सही केली आहे. ती जुनी नोंद आज त्या घरी जाण्याआधी रद्द व्हावी. मंडळाने माझ्याबद्दल जे ठरवायचं ते सावकाश ठरवावं, त्याला तारखेची घाई नको.

सौभाग्यवतींनी आता घड्याळाकडे बघणं सोडलं आहे. हे मी त्यांनाही आजवर सांगितलं नव्हतं.

तर, हा समारंभ घडवून आणणाऱ्या सगळ्यांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला चुकून काही लागलं असेल, तर ते नकळत झालं आहे, सांभाळून घ्यावं.

मावशी, तुमच्या बाबतीत मी केलं ते नकळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. मला माफ करा.