दाराकडं बघत

शहागंजातल्या मोबाइलच्या दुकानात प्रेरणा रांगेत उभी होती. महिन्यापूर्वी गेलेल्या वडिलांचा जुना फोन तिला विकायचा होता. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे तसलेच फोन घेऊन बसले होते.

"जब्बारभाई, गोकुळ दिसंना कुठं."

"नवा फोन घेतला असंल त्यानं."

"आपल्या फोनांत जुनी सिस्टीम त्यानंच टाकली की. मरेस्तोवर सोडणार नाय, म्हणायचा."

"सोडली ना, सांडू. आता फोनवर बुद्धिबळ कुणाशी खेळू? तुला तर घोडा चालवता येत नाय."

"ब्लूटूथवर शोधा की त्याला."

"रोज शोधतो. कुणीच नसतंय."

प्रेरणाने पर्समधला फोन काढून चालू केला.

"सांडू, हे बघ. गोकुळचं नाव आलं. जवळच हाय कुठंतरी."

जब्बारभाईंनी सरकून बाकावर जागा केली आणि ते दाराकडं बघत बसले.