जांभळीचं झाड पडलं तेव्हा

माझं माहेर भीमाशंकराच्या डोंगरात, चार घरांची वाडी, आन् घरामागं लगीच देवाची राई. राई म्हंजे देवाच्या नावानं राखल्यालं रान, तिथं कुऱ्हाड लावायची न्हाई. आता म्हाळुंग्यात नांदून जलम गेला, दारावरनं कंपन्यांचं ट्रक जात्यात, पर काय सांगू ताई तुमास्नी, डोळं मिटलं की त्या राईतल्या वल्या पाचोळ्याचा वास येतो.

भर दुपारी बी आत अंधार असायचा. जांभळी, आंबं, हिरडं वर एकमेकांत असं गुतल्यालं की शेकरू, म्हंजे ती मोठी तांबडी खार व्हो, भुईला पाय न लावता अख्खी राई हिंडायची, फळं खायची, बिया लांब लांब टाकायची. माझा बा तिथल्या देवाची पूजा करायचा. त्यो मला म्हनायचा, हिरे, हितली माती गरीब हाय, समदं धन झाडात आन् पाचोळ्यात. पाचोळा उकरून दाखवायचा, आत बुरशीचं पांढरं धागं मुळांना बिलगल्यालं. पान पडलं की पावसात कुजायचं, मुळं लगीच त्यो कस वढून घ्यायची, परत नवं पान. वाया काईच जायचं न्हाई.

मी ल्हान व्हते तवा श्रावनात असं वादळ सुटलं की राईतलं सगळ्यात थोर जांभळीचं झाड मुळासकट आडवं झालं. त्याच वादळात शाळेचं छप्पर उडालं. माझा थोरला भाऊ नामदेव, आमी त्याला दादा म्हनतो, त्यो म्हनला, जांभळीचं लाकूड पान्याला दाद देत न्हाई, तिचं वासं काढू, शाळा उभी ऱ्हाईल. सारी वाडी त्याच्या बाजूनं. बा म्हनला, न्हाई, ते राईचं जेवान हाय. दादा वरडला, पोरं पावसात भिजत्यात आन् तुमी कुजक्या लाकडाचं लाड करताय? बा उठला, आमच्या घराकडं बोट केलं. मंग म्हनला, माझ्या घराचं वासं काढा.

आन् खरंच काढलं व्हो! शाळा झाली, मी त्याच शाळेत शिकले, वर बघितलं की आमच्याच घराचं वासं. पर आमी ते साल गोठ्यात काढलं. आई तिथं तापानं फनफनली, दादाला ते बघवंना. वाचली ती, पर दादा पिंपरीला कंपनीत लागला आन् बापाशी बोलायचा बंद झाला. मला म्हाळुंग्यात दिली ती त्यानंच जमवून.

दिवाळीला मी माहेरी जायची तवा बा आधी इचारायचा, नामा येळंवर जेवतो का? मंग मला राईत न्यायचा. झाड पडल्यावर वर आभाळाला खिडकी पडल्याली. गुडघ्याएवढी रोपं वर्सानुवर्सं अंधारात उनाची वाट बघत उभी व्हती, ती भराभर उठली. पडल्या खोडावर अळंबी, किडं, खोडाच्या अंगावर बी नवी रोपं. बा सांगायचा, पावसाळ्यात रातच्याला बुरशीनं ते कुजकं लाकूड काजव्यावानी हिरवं हिरवं चमकतं. बा म्हनायचा, नामाला सांग. मी सांगायची. दादा ऐकायचा, मंग शिफ्टचं, ओव्हरटाइमचं बोलायला लागायचा.

बा गेला तवा दादा आला. दहावा झाला आन् कुनाशी न बोलता त्यो राईत शिरला, मी मागनं गेले. खोड कुठंच नव्हतं, समदं मातीत गेल्यालं. त्या जागी रांगेनं झाडं उभी, शेंडं पार वर, आभाळाची खिडकी बुजल्याली. दादानं एका झाडाला कव घातली, हात पुरंनात. म्हनला, हिरे, माझ्या नोकरीएवढ्या वयाची झाडं ही. मला यकदा दाखवायचं तरी बानं. मी म्हनलं, दादा, माझ्या तोंडी बोलवत व्हता की रं. आन् त्यो खालीच बसला, पोरावानी रडला.

दादाचा पोरगा वाकडला फ्लॅटमधी ऱ्हातो, लई बोलावतो. पर रिटायर झाल्यापासनं दादा वाडीतच हाय, बापाच्या जागी देवाची पूजा करतो. वहिनी मागंच वारली. सैपाक येत न्हाई, भाकर करपवतो आन् फोनवर मलाच इचारतो, जाळ किती ठिवू? माझं गुडघं आता डोंगर चढू देत न्हाईत. तरी आवंदा सुनंला म्हनलंय, गाडी काढ, म्होरं बसत-उठत चढंन मी. भावाच्या हातची करपल्याली भाकर खायची, यवढंच मागनं हाय बगा. त्याला देव सुखात ठेवो, आन् ताई, तुमालाबी.