पहिल्या नंबरचं हॉटेल

ताई: थांब, वाचू दे. 'खोलीत शिरलो की बॅग उघडायच्या आधी मी टेप काढतो.' हे खरंय. 'दारं, भिंती, पलंग, सगळं मोजतो आणि त्याच दिवशी खोलीचं चित्र काढतो.' कोण काढतो?

धाकटा: ताई, मासिकवाल्यांनी मजकूर कापला. अर्धं पान जाहिरातीला गेलं.

ताई: बरोबर माझंच अर्धं पान गेलं.

धाकटा: मी तुझ्याबद्दल सांगितलं होतं.

ताई: काय सांगितलंस?

धाकटा: घरून मदत होते म्हणून.

ताई: मदत! अकरा वर्षं तू फोनवर आकडे सांगायचास आणि मी या टेबलाशी बसून खोल्या काढायचे. शेवटची तीन वर्षं तर अप्पांचं औषधपाणी आटपून. त्रेचाळीस खोल्या झाल्या. एकाही हॉटेलात मी पाय ठेवलेला नाही, पण नदीकाठच्या त्या हॉटेलात न्हाणीघराचं दार उघडलं की कपाट अडतं, हे मी सांगितलं तुला. तू तिथे चार दिवस राहून आला होतास.

धाकटा: किती हसलो होतो तेव्हा आपण.

ताई: इथे ते तिसऱ्या नंबरला आहे. 'सर्वांगसुंदर, पण कपाट अडतं हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.' तुझ्या नजरेतून? दारावर डोकं आपटेपर्यंत तुला दार दिसत नाही.

धाकटा: बोल, अजून बोल. माझंच चुकलंय.

ताई: आणि पहिल्या नंबरला तू स्वतः आराखडा केलेलं हॉटेल. जगभरातली दहा आवडती हॉटेलं सांगायची आणि त्यात आपलंच पहिलं. लाज कोळून प्यायलास अगदी.

धाकटा: तसा आग्रह हॉटेलच्या मालकाचा होता.

ताई: हेही मालकाने लिहिलं का? 'एकदा प्रवासात तापाने फणफणलो होतो. पडल्या पडल्या मनात आलं, आजारी माणसाला झोपूनच रस्ता दिसला तर? आणि मला ही आडवी खिडकी सुचली.' कोण पडून होतं, छोट्या?

धाकटा: ताप मलाही आला होता एकदा.

ताई: तुला सर्दी झाली होती. पडून होते ते अप्पा. गवंडी आणून पलंगाशेजारची भिंत फोडून घेतली मी. पाच फूट लांब आणि जेमतेम चौदा इंच उंच. शेजारीपाजारी म्हणाले, हिचं डोकं फिरलंय, चांगल्या भिंतीला फट पाडली. अप्पा मात्र कुशीवर वळले, रस्ता पाहिला, आणि त्या दिवसापासून शाळा सुटल्याचं मला तेच सांगायला लागले.

धाकटा: माहितीय मला.

ताई: आणि काय ठरलं होतं आपलं? कधी हॉटेल करायला मिळालं तर ही खिडकी दोघांच्या नावाने. अप्पांसमोर ठरलं होतं.

धाकटा: मालकाला एकच नाव हवं होतं. तुझं घातलं असतं तर दहा प्रश्न आले असते. शिक्षण काय, आधीचं काम काय.

ताई: मग मला विचारायचंस, नाव गाळू का म्हणून. मी हो म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं. तरी विचारलं नाहीस. तू मला फसवलंस. अप्पांनाही फसवलंस. बाहेरच्याने चोरी केली तर दाराला कुलूप तरी लावता येतं.

धाकटा: माफ कर, ताई.

ताई: माफी मागायला आलायस?

धाकटा: हो. आणि ती चित्रांची वही जरा हवी होती. आपल्या खिडकीचं मूळ चित्र बघायचंय.

ताई: कशाला? बांधून तर झालं.

धाकटा: आणखी चार हॉटेलांत तीच खिडकी हवीय मालकाला. पण उद्घाटनाआधी मी स्वतः तिथे झोपून पाहिलं. रस्ता दिसतच नाही.

ताई: आभाळ दिसत असेल.

धाकटा: नुसतं आभाळ. उभं राहिलं तर कमरेत वाकावं लागतं. येणारे-जाणारे विचारतात, ही खिडकी आहे तरी कोणासाठी? मी चारदा तपासलं. जमिनीपासून चौतीस इंच, इथल्यासारखीच. मी स्वतः मोजली होती.

ताई: कधी?

धाकटा: अप्पा गेले त्याच आठवड्यात. तू आत होतीस.

ताई: मी आत रडत होते आणि तू भिंतीला टेप लावत होतास.

(ताई मासिक पुन्हा उघडते.)

ताई: मासिकातला फोटो पाहिला तेव्हाच लक्षात आलं माझ्या. केवढा बुटका पलंग आहे तुझा.

धाकटा: सोळा इंच. सध्या तसेच लागतात.

ताई: अप्पांचा किती होता?

धाकटा: नेहमीसारखाच. वीस असेल.

ताई: त्याच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे होते, बारा-बारा इंचांचे. वाकून अप्पांचं अंग पुसताना माझी कंबर धरायची म्हणून सुताराकडून करून घेतले. आधी पलंग उचलला, मग त्या उंचीला खिडकी काढली.

धाकटा: ठोकळे? मला कधी दिसले नाहीत.

ताई: चादर खालपर्यंत सोडलेली असायची. आणि अंग पुसायला तू कधी बसला नाहीस.

धाकटा: म्हणजे पलंगाची उंची बत्तीस धरायला हवी होती. ताई, ती वही दे ना. या वेळी तुझं नाव घालतो, अगदी पहिलं.

ताई: वही मिळणार नाही.

धाकटा: मग मालकाला मी काय सांगू?

ताई: सांग, मोजायचं राहिलं. जगभरातल्या त्रेचाळीस पलंगांची उंची तू मला फोनवर सांगितलीस, छोट्या. घरातला तेवढा एक राहिला.