लिफ्ट कधी अडकतच नाही

"वर्षभरात लिफ्ट एकदाही अडकली नाही. मग दुरुस्तीवाला बंदच करू ना!"

"अहो सेक्रेटरीसाहेब, तो येतो म्हणून अडकत नाही. लावा पैज! अडकली तर गेटवर तुमची अर्धी मिशी उतरवायची."

"लागली! उद्यापासून दुरुस्तीवाला बंद."

पैज लावणारा शेजारचा शिंपी त्या दिवसापासून सेक्रेटरीच्या मिशीवर डोळा ठेवून होता. दोनच महिन्यांत लिफ्ट अडकली, पण आत सेक्रेटरीची दमेकरी आई. शिंप्याला हसू फुटेना.

"मावशी, दम्याचा पंप आहे ना जवळ?"

"घरी... उशाशी."

सेक्रेटरी धावत जाऊन पंप घेऊन आला. पण दार बंद!

"दुरुस्तीवाला पोचतोय, आई! अगं, लिफ्टचे वर्षभराचे आकडे तर सगळे चांगले होते..."

"आकडे नको... हवा दे."

मग आतून आवाजच येईना.

"आई? आई, बोल गं!"

दुरुस्तीवाल्याने चावीने दार उघडलं. म्हातारी पायरीवर बसली, पंप ओढला, श्वास जागेवर आला.

"मावशी, पैज सोडली मी."

"तू सोडलीस, मी नाही. कात्री आण."

गेटवर सगळी बिल्डिंग जमली. सेक्रेटरीने मुकाट्याने तोंड पुढे केलं.

"कुठली बाजू, मावशी?"

"कुठलीही काप. फक्त हात थरथरू देऊ नकोस मेल्या, एकुलता एक आहे माझा."