साआनवरच्या घोड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दूध कंपनीचे संचालक माननीय शेरगाजी बाइके, राजधानीहून घाट ओलांडून आलेले नवे भागीदार, व्यासपीठावरचे वडीलधारे, सत्कारमूर्ती कालिपा-एजे आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी एजेंचा, म्हणजे कंपनीचे हिशेब लिहिणाऱ्या आमच्या थोरल्या ताईंचा, ड्रायव्हर. शाळा अर्धी सोडली, ओशच्या बाजारात टरबुजं भरली, कझाक हद्दीत विहिरी खणल्या, तिथे एकदा उंटाने माझी टोपी... असो, ते नंतर कधी. हिशेबातलं मला कळतं ते जीपमध्ये एजेंच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच.

ताळेबंदाला मागे काही पानं जोडतात. कशाला आपलं म्हणायचं, कशाची किंमत कशी लावायची, ते त्यात सांगतात. महत्त्वाची हिशेबी धोरणं म्हणतात त्यांना. त्यात वर्षानुवर्षं एजेंचं एक वाक्य होतं : ‘साआनवर दिलेल्या घोड्या कंपनीच्या मालमत्तेत धरलेल्या नाहीत.’ पाहुण्यांसाठी सांगतो, ज्या घरात दुभतं नाही तिथे आम्ही घोडी साआनवर देतो. सांभाळ त्यांचा, दूध त्यांचं. कागद नाही, साक्षीदार नाही. दूध चालू असताना ती परत मागायची नाही, एवढंच.

मग नवे भागीदार आले. म्हणाले, ‘तुमचं आहे ते सगळं दाखवा, बाजारभावाने दाखवा.’ यात चूक काय? एजेंनाही पटलं. त्यांनी स्वतः ते वाक्य बदललं आणि गेल्या शरदात आम्ही घोड्या बघायला निघालो. एजेंच्या शेजारीण झुरा-आपा, एकट्याच राहतात, त्यांच्याकडे साआनच्या दोन होत्या.

आपा दारातूनच ओरडल्या, “काय ग कालिपा, पोरगी बघायला आल्यासारखी दात काय बघतेस? सून करून नेतेस की काय?”

“किंमत लावतेय.”

“विकायला काढल्यास?”

“छे ग! नुसती लिहायची. लिहिली म्हणून कोणी नेतं का?”

दोघी हसल्या. मीही हसलो. आमच्या खोऱ्यात कोणीही हसलं असतं.

त्या वर्षी कागदावर कंपनी एकदम श्रीमंत झाली. आणि श्रीमंती दिसली की ती विकावीशी वाटणारच, नाही का? उन्हाळा लागला, शिंगरं दोरीला बांधली, दूध सुरू झालं, आणि कंपनीचे ट्रक आले. आपा भांडल्या नाहीत. “दारात आलायत, आधी चहा घ्या, मग न्या,” म्हणाल्या. नेणाऱ्यांनी मान खाली घालून चहा घेतला. घोड्या खाटीकखान्याला गेल्या.

एजे राजधानीला नव्या भागीदारांकडे गेल्या. मीच नेलं. म्हणाल्या, “जुनं वाक्य परत घालू द्या.” तिथले साहेब फार अदबीने बोलले, “एजे, धोरण असं वरचेवर बदलता येत नाही. सातत्य लागतं.”

“मग पहिल्यांदा बदललं ते?”

“ती सुधारणा होती.”

येताना घाटात मी गाणं लावलं, एजेंनी बंद केलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

कंपनीने त्यांना हा अंगावरचा मखमली झगा, चपान दिला, शिवाय एक दुभती घोडी. घोडी परवाच आली. एजेंनी ती माझ्याबरोबर लगेच आपांकडे पाठवली. मी म्हटलं, “आपा, एजेंनी साआन दिलीय.”

आपांनी घोडीची मान खाजवली, कास चाचपली. “चांगली आहे,” म्हणाल्या. “आधी लिहून आण, कोणाची ते.”

मी घोडी परत आणली, एजेंना निरोप सांगितला. आयुष्यभर हिशेब लिहीत आलेल्या बाई, कागद घेऊन बसल्या, आणि पेन खाली ठेवलं. “लिहिलं तर ते साआन कसलं रे?”

उद्या एजे मुलीकडे कायमच्या जातायत. घोडी इथे बाहेर बांधलेली आहे.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलता बोलता कोणाला लागलं असेल तर अर्धवट पोर म्हणून पदरात घ्या. एजेंच्या हातून काही राहिलं असेल तर तेही पोटात घाला, अशी छातीवर हात ठेवून सर्वांना विनंती करतो. सर्वांना म्हणजे, जे आलेत त्यांना. झुरा-आपा आलेल्या नाहीत.